बायपोलरची गोळी लागू कशी पडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या धाकट्या भावाला एकोणीस वर्षांपासून बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी फार चढण्याचा, कधी फार खचण्याचा आजार. आमच्या स्वमदत गटाच्या भाषेत तो शुभार्थी आणि मी शुभंकर, म्हणजे काळजी घेणारी. त्यातली पहिली पाच वर्षं गोळ्या बदलण्यातच गेली. गटाची सभा संपल्यावर चपला घालता घालता लोक जे विचारतात आणि रात्री अकरानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केलेत. मी डॉक्टर नाही. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. त्यांना काय विचारायचं आणि घरी काय बघायचं, एवढंच इथे आहे.

१. बायपोलरवर सगळ्यात चांगली गोळी कोणती?

असं एका शब्दात सांगता येत नाही, कारण गोळीला तीन वेगळी कामं करायची असतात: चढलेला मूड (मेनिया, म्हणजे तेजी) खाली आणणं, नैराश्यातून वर काढणं, आणि पुढे दोन्ही परत येऊ न देणं. परत येऊ न देण्याच्या कामात लिथियमचा भरवसा सगळ्यात जुना आहे, आणि आत्महत्येचा धोका ते कमी करतं हेही दिसून आलंय. व्हॅल्प्रोएट मेनियात लवकर काम करतं. लॅमोट्रिजिन नैराश्य परत येऊ नये म्हणून देतात, ऐन मेनियात त्याचा उपयोग नाही. क्वेटियापिन दोन्ही टोकांना चालतं. ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, अ‍ॅरिपिप्राझोल यांचं मुख्य काम मेनियाचं.

म्हणून डॉक्टरांना आधी हे सांगा की तुमच्या माणसाला जास्त छळतं ते कुठलं टोक. रक्ताच्या नात्यात कुणाला हाच आजार असेल आणि लिथियमने गुण आला असेल, तर तेही सांगा. लिथियमचा गुण घराण्यात चालत येताना दिसतो. मूत्रपिंड, थायरॉइड, साखर, वजन, आणि बाई असेल तर मूल हवंय का, या पाच गोष्टींवर निम्मी निवड ठरते.

२. तीन वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या आणि आता म्हणतात बायपोलर आहे. आधीचे डॉक्टर चुकले का?

बहुतेक वेळा नाही. बायपोलरमधलं नैराश्य आणि साधं नैराश्य समोरून सारखंच दिसतं, आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो खचलेला असताना. तेजीत असताना कोण जातं? आमच्या भावाने नैराश्याच्या वर्षभर आधी एका आठवड्यात तीन सेकंडहँड ट्रॅक्टर बुक केले होते. आमची जमीन दीड एकर. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "उत्साही आहे हो स्वभावाने." मीही मान डोलावली.

फरक पडतो तो असा की बायपोलर असताना नुसतीच नैराश्यावरची गोळी दिली, तर माणूस उलट्या टोकाला जाऊ शकतो किंवा चढउतार लवकर लवकर यायला लागतात. म्हणून निदान बदललं की गोळ्याही बदलतात. तीन तास झोपूनही ताजातवाना, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या, उधळपट्टी, भांडणं असे दिवस आधी कधी येऊन गेले असतील, तर कुणी न विचारताही डॉक्टरांना सांगा.

३. लिथियम म्हणजे बॅटरीतलंच ना? ते पोटात कसं घ्यायचं?

मूलद्रव्य तेच, पण गोळीत असतं लिथियम कार्बोनेट, एक क्षार. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरांनी मेनियाच्या रुग्णांवरचा त्याचा परिणाम छापून जगासमोर मांडला. नेमकं त्याच सुमारास अमेरिकेत हृदयविकाराच्या रुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खायला देत होते, कुठलंही मोजमाप न करता. त्यात माणसं दगावली. अमेरिकेत मेनियासाठी त्याला मान्यता मिळायला १९७० उजाडलं.

औषध आणि विष यांच्यातलं अंतर लिथियममध्ये फार कमी आहे, आणि ते अंतर रक्तात मोजता येतं. पुढचे दोन प्रश्न त्यासाठीच.

४. लिथियमच्या तपासणीला सकाळची गोळी घेऊन जायचं की न घेता?

न घेता. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं. रात्री नऊला घेतली असेल तर सकाळी नऊच्या आसपास, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. गोळी घेऊन गेलात तर आकडा उगाच जास्त येतो आणि डॉक्टर डोस कमी करून बसतात. आमच्या गटात हे इतक्यांदा झालंय की मी आता आदल्या रात्री मेसेज टाकते.

आकडा साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात. ऐन मेनियात थोडा वर चालवून घेतात, वयस्कर माणसाला खाली ठेवतात. १.५ च्या पुढे विषबाधेची भीती. डोस बदलल्यावर पाच-सात दिवसांनी तपासतात, कारण पातळी स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. सगळं सुरळीत चालू असलं तरी दर सहा महिन्यांनी लिथियमसोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियम बघायचं. थायरॉइड मंदावला म्हणून लिथियम सोडायची गरज सहसा पडत नाही, थायरॉइडची गोळी जोडतात.

५. लिथियम चालू असताना उपवास, वारी, उन्हाळा यांचं काय?

या प्रश्नाचं उत्तर आम्ही ठेच लागून शिकलो. गोळी लागू पडून चार वर्षं झाली होती, भाऊ ठणठणीत, म्हणून वारीला गेला. वाटेत गुडघा सुजला. मेडिकलमधून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या घेतल्या, दिवसाला दोन. वाटेत सारखं लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचा. पंढरपूरच्या अलीकडे त्याला उलट्या सुरू झाल्या, हात बारीक नाही तर जोरात हलायला लागले, पाय लटपटू लागले, जीभ जड झाली. बरोबरच्यांना वाटलं, ऊन लागलं. लिथियमचा आकडा निघाला १.९. पाच दिवस रुग्णालयात काढले.

मूत्रपिंड मीठ आणि लिथियम एकाच हाताने हाताळतं. शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की ते दोन्ही धरून ठेवतं, आणि लिथियम चढतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन अशा दुखण्याच्या गोळ्यांनी ते बाहेर पडायचं आणखी कमी होतं. रक्तदाबाच्या काही गोळ्याही तेच करतात: थायझाइड, रॅमिप्रिल-एनालाप्रिलच्या गटातल्या, टेल्मिसार्टन-लोसार्टनच्या गटातल्या. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं.

उपवासाला साबुदाणा, वरई, शेंगदाण्याची आमटी, ताक असं खाऊन पाणी पीत राहिलात तर सहसा अडचण येत नाही. निर्जळी नको. रोजे असतील तर रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोला. वेळा आणि तपासणी आखून काहीजणांना जमतं. रक्तदाब वाढला म्हणून एकदम अळणी जेवण सुरू करू नका. मीठ बदलायचं तर डॉक्टरांना सांगून. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर ओआरएस घ्या, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि पुढची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका.

६. गुण यायला किती दिवस लागतात?

मेनियात ओलान्झापिन-रिस्पेरिडोनच्या गटातल्या गोळ्यांनी काही दिवसांत फरक दिसू लागतो, लिथियमला एक ते तीन आठवडे. नैराश्य हळू उतरतं, कित्येक आठवडे जातात. आणि परत येऊ न देण्याचं काम जमतंय का, हे महिन्यांनी कळतं. ज्याला वर्षाला दोनदा मेनियाचा किंवा नैराश्याचा झटका यायचा, त्याच्या बाबतीत तीन महिने शांत गेले म्हणजे औषध जिंकलं असं नाही. घरच्यांची घाई मला कळते, पण तीन आठवड्यांत तीन डॉक्टर बदलले तर कुठली गोळी कशाला लागू पडली हे कुणालाच सांगता येत नाही.

७. कागदावर लिहिलंय ही फिटची गोळी. माझ्या मुलीला फिट येत नाही!

व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, कार्बामाझेपिन ही तिन्ही अपस्मारावरची औषधं. पेशींची जादा उत्तेजना ती आवरतात, आणि मूडच्या चढउतारांवरही उपयोगी पडतात असं पुढे लक्षात आलं. डबीतल्या कागदावर जुनं काम आधी लिहिलेलं असतं, एवढंच. मुलगी असेल तर मात्र व्हॅल्प्रोएटबद्दल प्रश्न १२ लगेच वाचा.

८. लॅमोट्रिजिन इतकं हळू का वाढवतात? सहा आठवडे झाले, अजून पूर्ण डोस नाही.

अंगावर पुरळ उठू नये म्हणून. सहसा २५ मिलिग्रॅम दोन आठवडे, मग ५० दोन आठवडे, मग १००, आणि त्यानंतर २०० अशी चढण असते. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर याच्या निम्म्या वेगाने, कारण व्हॅल्प्रोएट लॅमोट्रिजिनची पातळी दुप्पट करतं. घाईने वाढवलं तर स्टीव्हन्स-जॉन्सन नावाचा गंभीर विकार होऊ शकतो: अंगावर पुरळ, सोबत ताप, तोंडात, डोळ्यांत, गुप्तांगाजवळ फोड. तो फार कमी जणांना होतो, पण जिवावर बेततो. पहिल्या दोन महिन्यांत कुठलंही पुरळ दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा. घामोळं असेलही, पण ते डॉक्टरांना ठरवू दे.

९. गोळ्या सुरू झाल्यापासून बारा किलो वाढले. वजन वाढत नाही अशी गोळी आहे का?

आहे. सगळ्यात जास्त वजन ओलान्झापिनने वाढतं. क्वेटियापिन, व्हॅल्प्रोएट, रिस्पेरिडोन आणि लिथियमनेही वाढू शकतं. लॅमोट्रिजिन, लुरासिडोन, अ‍ॅरिपिप्राझोल यांनी तुलनेने कमी. पण अ‍ॅरिपिप्राझोलने काहींना एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलवत राहावेसे वाटतात. त्याला घरचे "परत तेजी चढली" समजतात. लुरासिडोन उपाशीपोटी घेतलं तर अंगात नीट उतरत नाही. निदान साडेतीनशे कॅलरींचं जेवण सोबत हवं, चहा-बिस्किटावर भागत नाही.

वजनाची तक्रार डॉक्टरांसमोर मोठ्याने करा. "जीव वाचला ना, मग वजनाचं काय घेऊन बसलात" हे ऐकून बरेचजण गप्प बसतात आणि घरी येऊन गोळी सोडतात. सुरू करतानाच वजन, पोटाचा घेर, साखर, चरबीची तपासणी करून ठेवा, तीन महिन्यांनी परत. गोळी बदलणं, डोस कमी करणं, मेटफॉर्मिन (मधुमेहावरची गोळी) जोडणं असे मार्ग आहेत.

१०. ही गोळी चालत नाही, हे नक्की कधी म्हणायचं?

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर. गोळी फसली असं म्हणण्याआधी तीन गोष्टी बघाव्या लागतात: डोस पुरेसा होता का, तो पुरेसे दिवस दिला का, आणि माणसाने तो खरंच घेतला का. आमच्याकडे पहिली दोन वर्षं लिथियम "फसलं" होतं. नंतर कळलं, आकडा कधी ०.४ च्या वर गेलाच नव्हता, आणि आठवड्यातल्या तीन गोळ्या गादीखाली जात होत्या.

उपाय साधा आहे. दोनशे पानी वही घ्या. रोज एक ओळ: झोप किती तास, मूड उणे पाच ते अधिक पाच, गोळी घेतली की नाही, आणि काही विशेष असेल तर ते (पाळी, प्रवास, भांडण, दारू, रात्रपाळी). दोन मिनिटांचं काम. शुभार्थीनेच लिहावं. तो अगदी खचलेला असेल तेव्हाच तुम्ही लिहा. गोळी किंवा डोस बदलला की त्या तारखेवर लाल रेघ. एका वेळी एकच बदल करता येईल का, असं डॉक्टरांना विचारा. तीव्र अवस्थेत ते शक्य नसतं, पण सावरल्यावर असतं.

भावाच्या वहीने आम्हाला दोन गोष्टी दाखवल्या. झोप पाचच्या खाली सलग तीन रात्री गेली की आठवड्याभरात तेजी. आणि दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये हे हमखास. आता जानेवारीच्या शेवटी आम्ही स्वतःहून डॉक्टरांना भेटतो. सात मिनिटांच्या ओपीडीत डॉक्टरांना तुमचे तीन महिने दिसायचे कसे? वहीतूनच.

११. एका आजाराला तीन-तीन गोळ्या कशाला?

तीव्र झटक्यात दोन औषधं मिळून एकापेक्षा लवकर काम करतात, आणि झोपेची तिसरी काही दिवसांपुरती असते. गडबड होते ती सावरल्यानंतर, कारण जोडलेली गोळी काढायची कुणाला आठवण राहत नाही. सहा महिन्यांनी चिठ्ठी पुढे ठेवून एकेका गोळीवर बोट ठेवा आणि विचारा, "ही अजून कशासाठी?" डॉक्टरांना राग येत नाही. आला तरी विचारा.

१२. मुलीचं लग्न ठरतंय. गोळ्या चालू असताना मूल होऊ शकतं का?

होऊ शकतं, पण दिवस राहण्याआधी आखणी हवी. व्हॅल्प्रोएट मूल होण्याच्या वयात शक्यतो सुरूच करू नये. गर्भारपणात ते घेतलं तर साधारण दहातल्या एका बाळाला मोठं जन्मजात व्यंग येतं, आणि दहातल्या तीन-चार मुलांच्या बोलण्या-शिकण्यात अडचणी येतात. फॉलिक अ‍ॅसिडने हा धोका जात नाही. ब्रिटनमध्ये तर जानेवारी २०२४ पासून पंचावन्नच्या आतल्या बाई-पुरुष कुणालाही ते नव्याने सुरू करायचं तर दोन तज्ज्ञांची सहमती लागते. तिकडे गेलेल्यांना डॉक्टर एकाएकी गोळी बदलायला का सांगतात, याचं हे कारण.

लॅमोट्रिजिन त्या मानाने सुरक्षित. लिथियममुळे बाळाच्या हृदयात दोष येण्याचा धोका थोडा वाढतो, तरी काही जणींना तेच चालू ठेवणं शहाणपणाचं ठरतं. मग रक्ततपासण्या वारंवार. दिवस गेल्याचं कळताच घाबरून सगळं एकदम बंद करणं सगळ्यात वाईट. बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे या आजारात फार जोखमीचे असतात. ओल्या बाळंतिणीची झोप कोण सांभाळणार, हे सातव्या महिन्यातच ठरवा.

सासरी सांगायचं की नाही, हाही प्रश्न याच फोनवर येतो. माझं मत: सांगावं, लग्नाआधी, मुलीने स्वतः. लपवलेली गोळी वेळेवर घेतली जात नाही.

१३. गर्भनिरोधक गोळी चालते का?

इस्ट्रोजेन असलेली गोळी लॅमोट्रिजिनची पातळी जवळजवळ निम्म्यावर आणते, आणि ती बंद केली की पातळी वर उसळते. कार्बामाझेपिनने उलटं होतं, गर्भनिरोधकच निकामी ठरू शकतं. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे दोघांच्या चिठ्ठ्या दोघांना दाखवणं तुमच्याकडेच येतं.

१४. गोळी घ्यायची राहिली तर?

थोड्याच वेळात आठवलं तर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या, दुप्पट घेऊ नका, लिथियम तर मुळीच नाही. लॅमोट्रिजिन सलग पाच दिवसांहून जास्त सुटलं तर परत जुन्या डोसवर उडी मारायची नाही. बहुधा २५ पासूनच चढावं लागतं (प्रश्न ८).

१५. दोन वर्षं काही त्रास नाही. आता बंद करू?

त्रास नाही तो गोळीमुळेच असण्याची शक्यता जास्त. हे उत्तर कुणाला आवडत नाही, मलाही आवडलं नव्हतं. ज्यांना झटके पुन्हा पुन्हा आलेत त्यांना बहुधा अनेक वर्षं, काहींना कायमच घ्यावी लागते. बंद करायचंच ठरलं तर डॉक्टरांसोबत, निदान चार आठवड्यांत आणि जमल्यास तीन महिन्यांत हळूहळू उतरवत. लिथियम एकदम तोडलं की मेनिया उसळून येण्याची भीती असते. परीक्षा, लग्न, घरबांधणी असल्या काळात हा प्रयोग नको.

१६. सोबत आयुर्वेदिक काढा किंवा दारू?

लघवी वाढवणारे काढे लिथियमसोबत नकोत (कारण प्रश्न ५ मध्ये). अश्वगंधा "शक्तीसाठी" म्हणून घेतात, पण ती थायरॉइडचे आकडे हलवू शकते आणि गुंगी वाढवू शकते. कुठलंही भस्म डॉक्टरांपासून लपवू नका. दारूने झोप मोडते, मूड घसरतो आणि गोळ्यांची गुंगी दुप्पट होते. "फक्त शनिवारी" वाल्यांच्या वहीत रविवार-सोमवार बघा.

१७. तो गोळी घेतच नाही. वरणात मिसळून देऊ का?

हा प्रश्न कुजबुजत येतो. विचारणाऱ्याला मी कधी रागावले नाही, कारण आईने हेच केलं होतं. भावाला एका दुपारी आमटीत पांढरा कण दिसला, आणि पुढचे आठ महिने तो आईच्या हातचं जेवला नाही. शिवाय एसआर किंवा क्रोनो (हळूहळू विरघळणारी) गोळी कुटली की दिवसभर झिरपणारा डोस एकदम सुटतो. लिथियम कुणाच्या नकळत देणं तर धोक्याचंच, पाणी-मीठ-तपासणी तो सांभाळणार कशी?

आधी तो का घेत नाही ते शोधा. थरथर, वजन, लैंगिक अडचण, गुंगी, की "मला काही झालेलं नाही"? पहिल्या चारांवर डोस किंवा गोळी बदलून उपाय होतो. महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शनही काहींना सोयीचं पडतं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करण्याची तरतूद आहे. बरं असताना 'मला पुढे काय उपचार द्यावेत' हे लिहून ठेवण्याचा हक्कही त्याच कायद्याने दिलाय. रात्री-अपरात्री काय करावं सुचेना, तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही बोलतो.

१८. नेहमीच्या कंपनीची गोळी मिळत नाही. दुसरी चालेल? आणि खर्च झेपत नाही तर?

औषध तेच, ताकद तीच आणि प्रकार तोच असेल तर चालते. चूक होते ती प्रकारात. साधी ३०० ची लिथियम आणि ४०० ची एसआर या एकमेकींच्या जागी आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत. कंपनी बदलली की वहीत लाल रेघ मारा आणि लिथियम असेल तर एकदा आकडा बघून घ्या. स्वस्तात हवं असेल तर जनऔषधी केंद्रात विचारा. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं, जिल्हा रुग्णालयातली मानसोपचार ओपीडी, गोव्यात बांबोळीचं मनोरुग्णालय, इथे बाह्यरुग्णांनाही औषधं मिळतात. आधीची चिठ्ठी न्या.

१९. औषध लागू पडलं, पण माणूस पूर्वीसारखा राहिला नाही. "सपाट वाटतंय" म्हणतो. हेच चालवून घ्यायचं का?

नाही. त्यामागे चार वेगळी कारणं असू शकतात: नैराश्य पुरतं गेलेलं नाही, थायरॉइड मंदावलाय, डोस गरजेपेक्षा जास्त आहे, किंवा तेजीतली ती झिंग आठवते आहे. पहिल्या तिन्हींवर इलाज आहे. चौथ्यावर बोलायला हवं, आणि ते बोलणं गटात जितकं मोकळं होतं तितकं घरी होत नाही.

भाऊ भजनाला पेटी वाजवायचा. लिथियमचा आकडा ०.९ असताना बोटं थरथरायची, त्याने पेटी माळ्यावर टाकली आणि कुणाला सांगितलं नाही. वहीत मात्र "गुरुवार, गेलो नाही" असं ओळीने अकरा वेळा लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी ते वाचून डोस उतरवला. आकडा आता ०.७ वर असतो. थरथर थोडी आहे. द्रुत लयीत हात मागे पडतो, मग तबलेवाला त्याच्यासाठी जरा थांबतो.